मागावरचा माणूस: जेम्स टिली मॅथ्यूजचं प्रकरण

माग म्हटलं की आपल्यापुढे इचलकरंजी, मालेगाव, सोलापूर उभं राहतं. धोट्याचा खटखटाट कानात येतो. जेम्स टिली मॅथ्यूजच्या मागावर कापड निघत नसे. तो हवेवर चालायचा. लंडन वॉल नावाच्या जुन्या तटाजवळच्या एका तळघरात तो बसवलेला होता. त्यातून सुटणारे वायू मॅथ्यूजच्या डोक्यात शिरत, त्याचे विचार ओढून काढत, तिथे परके विचार भरत, जिभेचं मूळ आवळत, पोटाची आतली साल काढत. मराठीत ‘मागावर असणे’ याचे दोन अर्थ होतात. मॅथ्यूजच्या मते ती माणसं दोन्ही अर्थांनी मागावर होती.

हे सगळं आपल्याला कळतं ते १८१० साली छापलेल्या एका पुस्तकामुळे. लेखक जॉन हॅस्लम, लंडनच्या बेथलेम या मनोरुग्णालयातला अपॉथेकरी, म्हणजे रुग्णांची रोजची देखरेख करणारा वैद्यकीय अधिकारी. मॅथ्यूज वेडाच आहे, त्याला सोडणं चूक आहे, हे जगाला पटवायला त्याने ते लिहिलं. हेतू काहीही असो, त्याने मॅथ्यूजचं म्हणणं बारीकसारीक तपशिलांसह उतरवून ठेवलं. ज्याला आज आपण स्किझोफ्रेनिया म्हणू, त्याचं एका माणसापुरतं, पुस्तकभर केलेलं पहिलं वर्णन म्हणून ते ओळखलं जातं. ‘स्किझोफ्रेनिया’ हा शब्द ऑयगेन ब्लॉयलरने वापरात आणायला तेव्हा अजून शंभरेक वर्षं होती.

आधी माणूस

मॅथ्यूज लंडनमध्ये चहाचा दलाल होता. बायको होती, मुलं होती. फ्रेंच राज्यक्रांतीने पेटलेल्या दिवसांत, इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यात तह घडवून आणावा म्हणून डेव्हिड विल्यम्स या उदारमतवादी विचारवंताच्या खटपटीत तो सामील झाला आणि पॅरिसला ये-जा करू लागला. १७९३ मध्ये सत्ता जहाल जॅकोबिनांकडे गेली. त्यांना तो दुहेरी हेर वाटला आणि त्यांनी त्याला अटक केली. तीनेक वर्षं तो कैदेत होता. त्या काळात पॅरिसमध्ये गिलोटिन रोज चालत होतं. १७९६ मध्ये सुटून तो लंडनला आला तो संतापूनच. आपण सरकारसाठी जिवावर उदार झालो आणि सरकारने हात झटकले, असं त्याचं म्हणणं होतं. त्याने लॉर्ड लिव्हरपूल या मंत्र्याला पत्रं लिहिली, त्याच्यावर देशद्रोहाचा आरोप केला आणि एक दिवस संसदेच्या प्रेक्षक-सज्जातून ‘देशद्रोह!’ अशी आरोळी ठोकली. जानेवारी १७९७ मध्ये त्याची रवानगी बेथलेममध्ये झाली. पुढच्याच वर्षी तो ‘बरे न होणाऱ्यांच्या’ विभागात गेला.

इथे जरा थांबायला हवं. हेर, मंत्री, कारस्थान, कैद यातलं काहीच मॅथ्यूजने कल्पनेतून काढलेलं नव्हतं. हे त्याच्या बाबतीत खरोखर घडलं होतं. भ्रमात खऱ्याचा कण असतोच असं नाही, पण असतो तेव्हा तो वेगळा काढणं डॉक्टरला सोपं नसतं. घरच्यांना तर फारच अवघड जातं.

१८०९ मध्ये नातेवाइकांनी त्याच्या सुटकेसाठी न्यायालयात हेबियस कॉर्पसचा अर्ज केला. हेन्री क्लटरबक आणि जॉर्ज बर्कबेक या दोन डॉक्टरांनी त्याला अनेकदा तपासून तो शहाणा असल्याचं शपथेवर सांगितलं. बेथलेमच्या मते तो वेडा आणि धोकादायक होता. त्या वर्षी गृहमंत्रिपदावर होता तो जुन्या लॉर्ड लिव्हरपूलचाच मुलगा. मॅथ्यूज आतच राहिला. बाहेरच्या डॉक्टरांनी आपल्याला मूर्ख ठरवलं याचा राग मनात धरून हॅस्लम लिहायला बसला.

टोळी आणि तिची कामं

माग चालवणारे सात जण: चार पुरुष, तीन बायका. म्होरक्या ‘बिल द किंग’. ‘जॅक द स्कूलमास्टर’ सगळं लघुलिपीत टिपून घेणारा. ‘सर आर्ची’ गावंढळ हेलात चावट बोलणारा. यंत्र चालवणारा ‘मिडलमन’. ऑगस्टा बाहेर जाऊन बातम्या आणणारी. शार्लट साखळदंडात ठेवलेली, जणू तीही कैदीच. आणि ‘ग्लव्ह वुमन’: यंत्रावर हात सगळ्यांत सफाईदार, पण तोंडातून कधी शब्द निघत नाही. यंत्राला वायू पुरवणाऱ्या पिंपांत काय काय भरलेलं: तांब्याचे आणि गंधकाचे वायू, आम्लांच्या वाफा, कुत्र्यांचा दर्प, माणसाचा कुजका श्वास, बेडकाचं विष, घोड्याच्या गुदद्वारातला वायू, आणि या सगळ्याच्या शेवटी गुलाबाचं अत्तर. मॅथ्यूजने यंत्राचा आराखडा स्वतः काढून दिला. तो पुस्तकात कोरीव चित्र म्हणून छापला आहे. रेषा स्वच्छ आहेत, भागांना अक्षरं दिली आहेत, खाली खुलासा आहे. यंत्र-अभियंत्याने करावं तसं काम.

माझ्या दृष्टीने खरा ऐवज आहे तो छळाच्या प्रकारांच्या नावांत. ही नावं टोळी वापरते, आपण फक्त ऐकतो, असं तो म्हणे. ‘पतंग उडवणं’: जसा पोरं पतंग हवेत तरंगत ठेवतात तशी एखादी कल्पना मेंदूत तासन्‌तास तरंगत ठेवायची, माणूस दुसरं काही ठरवू गेला तरी ती नजरेआड होत नाही, आणि हा विचार आपला नाही हे त्याला पूर्ण कळत असतं. ‘विचार-घडणी’: एकजण मेंदू शोषून आतले विचार काढून घेतो, तेवढ्यात दुसरा वेगळेच विचार आत ढकलतो. ‘मेंदू लांबवणं’: वाकड्या आरशात चेहरा लांबट दिसावा तसा शहाणा विचार वेडगळ करून टाकायचा. ‘मेंदू-बोल’ म्हणजे आवाजाशिवाय आलेलं बोलणं. ‘मांडी-बोल’ म्हणजे कानाऐवजी मांडीच्या बाहेरच्या बाजूला ऐकू आल्यासारखं बोलणं. ‘शेवंड-फोड’ म्हणजे चुंबकीय वातावरणाने सगळ्या बाजूंनी दाबून, शेवंडाचं कवच फोडावं तसा माणूस चिरडायचा.

विसाव्या शतकात कुर्ट श्नायडर या जर्मन मनोविकारतज्ज्ञाने स्किझोफ्रेनियाच्या निदानासाठी ‘पहिल्या दर्जाची’ लक्षणं वेगळी काढली: परके विचार घुसवले जाणं, विचार काढून घेतले जाणं, शरीरावर बाहेरून ताबा आल्याचं जाणवणं, आपल्याविषयी बोलणारे आवाज. मॅथ्यूजच्या यादीशेजारी ही यादी ठेवली तर मला मॅथ्यूजचीच अधिक चोख वाटते. ‘विचार-निविष्टी’ असं पुस्तकी काहीतरी म्हणण्यापेक्षा पतंगाने ती गोष्ट अधिक नेमकी सांगितली आहे.

दोनशे वर्षांपूर्वीच्या माणसाला कागदांवरून निदान लावणं धोक्याचं असतं, हे मान्य करूनच पुढे जातो. निदान बाजूला ठेवून एकेका अनुभवाविषयी विचारता येतं: अशा वेळी मेंदूत काय होत असावं?

न पोचलेली वर्दी

आपल्या डोक्यातला विचार आपलाच आहे, हे आपण इतकं गृहीत धरतो की त्यामागे काही यंत्रणा असेल असं मनातही येत नाही. पण असावी लागते. रातकिडा रात्रभर कर्कश किरकिरतो आणि तरी बाहेरचा बारीक आवाज त्याला ऐकू येतो. पंख घासण्याचा हुकूम सुटतो त्याच क्षणी त्याच्या श्रवणयंत्रणेला वर्दी जाते: येतोय तो आवाज घरचाच आहे. त्याबरोबर तेवढ्यापुरती ऐकण्याची धार उतरते. ही वर्दी नेणारी चेतापेशी २००६ मध्ये संशोधकांनी नेमकी शोधून काढली. कल्पना त्याहून जुनी. १९५० मध्ये फॉन होल्स्ट आणि मिटेलश्टेट यांनी माशीवर प्रयोग करून ती मांडली आणि त्याच वर्षी रॉजर स्पेरीने स्वतंत्रपणे पाण्यातल्या माशांच्या डोळ्यांवरून.

माणसातही असंच आहे. स्वतःच्या हाताने गुदगुल्या होत नाहीत, कारण स्पर्श कुठे आणि कधी होणार याची वर्दी आधीच गेलेली असते. २००० साली लंडनमधल्या एका अभ्यासात असं दिसलं, की ज्यांना आवाज ऐकू येतात किंवा आपल्याला कोणी बाहेरून चालवतंय असं वाटतं, अशा रुग्णांना स्वतःचा स्पर्श आणि दुसऱ्याचा स्पर्श जवळपास सारखाच गुदगुल्या करणारा वाटला. बोलण्याबाबतही पुरावा आहे. आपण स्वतः बोलतो तेव्हा आवाजानंतर सेकंदाच्या साधारण दहाव्या भागाने मेंदूत उठणारी विद्युतलहर दबलेली असते. स्किझोफ्रेनियात ती तितकी दबत नाही, असं जूडिथ फोर्ड आणि डॅनियल मॅथालन यांनी पुन्हा पुन्हा दाखवलं. वर्दी निघाली, पण पोचली नाही किंवा उशिरा पोचली. मग घरचाच माणूस दारात परका म्हणून उभा राहतो.

ख्रिस फ्रिथ या इंग्रज मानसशास्त्रज्ञाने यावरून सरळ म्हटलं, की आवाज म्हणजे स्वतःचीच आतली वाचा, फक्त तिच्यावरचं ‘माझी’ हे लेबल गळून पडलेलं. १९९३ मध्ये आवाज ऐकू येत असताना केलेल्या मेंदूच्या तपासणीत ब्रोका क्षेत्रात, म्हणजे बोलण्याची जुळणी करणाऱ्या भागात, रक्तप्रवाह वाढलेला दिसला होता. १९९९ च्या दुसऱ्या एका अभ्यासात तीन रुग्णांना यंत्रात झोपवून, आवाज सुरू झाला की बटण दाबायला सांगितलं. बटण दाबलेल्या काळात ध्वनी ऐकणारा प्राथमिक भागही जागा होता. म्हणजे रुग्ण ‘ऐकू येतं’ म्हणतो तेव्हा तो अलंकारिक बोलत नसतो. ‘अरे, असं काही नसतं, मनाचे खेळ आहेत’ हे घरातलं वाक्य त्यामुळेच त्याच्यापर्यंत पोचत नाही. त्याच्या मेंदूच्या लेखी ते खरंच ऐकलेलं आहे.

मॅथ्यूजची ‘विचार-घडणी’ आणि ‘पतंग’ या चौकटीत बरेच बसतात. ‘मांडी-बोल’ बसत नाही. सर आर्चीचा हेल तर मुळीच बसत नाही. लेबल गळाल्याने माझा विचार परका वाटेल, पण त्याला दुसऱ्याचा आवाज, त्याची बोली, त्याचा चावटपणा कुठून मिळतो? याचं एक अर्धं उत्तर अपेक्षेत आहे. आपलं ऐकणं म्हणजे कानावर पडलेलं अधिक मेंदूने आधीच बांधलेला अंदाज. २०१७ मध्ये येल विद्यापीठातल्या एका प्रयोगात लोकांना पडद्यावरच्या आकृतीबरोबर बारीक सूर ऐकवण्यात आला. मग नुसतीच आकृती दाखवली, तेव्हा ज्यांना एरवी आवाज ऐकू येतात त्यांना नसलेला सूर जास्त वेळा ऐकू आला. अंदाजाचं पारडं जड झालेलं. तीन वर्षं पहारेकऱ्यांच्या बोलण्याकडे कान लावून काढलेल्या माणसाच्या मेंदूत कोणते अंदाज साठले असतील याची कल्पना करता येते. कल्पनाच, पुरावा नाही.

शिक्का भलत्यावरच

आवाजाचं असं झालं. पण टोळी? कारस्थान? इथे डोपामाइन हे मेंदूतलं रसायन येतं, आणि त्याची गोष्ट अर्धी आपल्याकडची आहे.

सर्पगंधेचं मूळ आपल्याकडे वेड आणि निद्रानाश यांवर फार पूर्वीपासून दिलं जाई. १९३१ मध्ये गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी कलकत्त्यात त्याविषयी आधुनिक वैद्यकाच्या भाषेत लिहिलं. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये उच्च रक्तदाबावरचे त्याचे परिणाम ब्रिटिश नियतकालिकात छापले आणि जग जागं झालं. त्यातलं रेसरपिन पुढे मनोरुग्णांना देण्यात आलं. आर्व्हिड कार्लसन या स्वीडिश शास्त्रज्ञाने १९५७ मध्ये सशांना रेसरपिन देऊन निपचित पाडलं आणि डोपामाइन ज्यापासून बनतं ते द्रव्य टोचून पुन्हा उठवलं. डोपामाइन हा मेंदूतला स्वतंत्र निरोप्या आहे हे त्यातून पुढे आलं. दरम्यान १९५२ मध्ये पॅरिसच्या सेंट-आन रुग्णालयात क्लोरप्रोमाझिन या औषधाचा मनोरुग्णांवर उपयोग सुरू झाला होता. मॅथ्यूज जिथे कैदेत होता त्याच शहरात, दीडशे वर्षांनी. ही नवी औषधं ज्या जागेवर बसतात तिला डी-२ म्हणतात, आणि जे औषध त्या जागेला जितकं घट्ट चिकटतं तितकी त्याची मात्रा कमी पुरते, हे १९७० च्या दशकात स्पष्ट झालं. नंतर पेट स्कॅनमधून दिसलं, की भास-भ्रमांच्या काळात मेंदूच्या खोलातल्या स्ट्रायटम या भागात डोपामाइन जास्त बनतं आणि जास्त सुटतं.

जास्त डोपामाइनने माणसाला टोळी का दिसावी? वुल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवरच्या प्रयोगांत दाखवलं होतं की अनपेक्षित बक्षीस मिळालं की डोपामाइनच्या पेशी उसळतात: इकडे बघ, हे शिकण्यासारखं आहे. २००३ मध्ये शितिज कपूर यांनी हा धागा स्किझोफ्रेनियाशी जोडला. डोपामाइन गोष्टींवर महत्त्वाचा शिक्का मारतं. पेशी कारणाशिवाय उसळू लागल्या की शिक्का भलत्यावरच बसतो: समोरून गेलेल्या माणसाच्या खोकल्यावर, दोनदा दिसलेल्या लाल स्कूटरवर, बातम्या देणाऱ्या बाईच्या एका वाक्यावर. सगळं काहीतरी सांगतंय, पण काय ते कळत नाही. भ्रम पक्का होण्याआधीचे हे दिवस रुग्णाला नंतरच्यापेक्षाही भयंकर वाटल्याचं पुष्कळदा ऐकायला मिळतं. मग एक दिवस अर्थ लागतो आणि जीव भांड्यात पडतो. भ्रम म्हणजे न थांबणाऱ्या शिक्क्यांना मेंदूने लावलेला अर्थ. तो खोटा असेल, पण त्याने हिशेब जुळतो.

हिशेब जुळवायला सामान मात्र त्या त्या काळाचं लागतं. आपल्याकडे पूर्वी करणी होती, मूठ होती, भानामती होती, अजूनही आहे. आता त्यात दातात बसवलेली चिप, हॅक केलेला मोबाइल, समोरच्या गच्चीवरचा टॉवर यांची भर पडली. मॅथ्यूजचं सामान पाहा. हवेतले वायू वेगळे काढणारं रसायनशास्त्र तेव्हा नवंकोरं होतं. त्यातला सर्वांत मोठा माणूस लाव्वाझिए, आणि १७९४ मध्ये त्याचं मुंडकं पॅरिसमध्येच उडवलं गेलं, तेव्हा मॅथ्यूज फ्रान्सच्या कैदेत होता. मेस्मर या डॉक्टरच्या ‘प्राणी-चुंबकत्वा’चं, म्हणजे शरीरातल्या अदृश्य चुंबकशक्तीने रोग बरे करण्याच्या पद्धतीचं, वेड पॅरिसने त्याआधीच पाहिलं होतं. आणि इंग्लंडमध्ये यंत्रमाग येऊ घातले होते. वायू, चुंबक, माग. डोपामाइनने यातलं काहीही पुरवलं नाही. त्याने फक्त ‘यात काहीतरी आहे’ एवढंच पुन्हा पुन्हा म्हटलं असावं.

औषधांनी काय होतं, हेही यातून उलगडतं. डी-२ च्या साधारण दोन-तृतीयांश जागा अडल्या की परिणाम दिसू लागतो. ऐंशी टक्क्यांच्या आसपास गेलं की हात थरथरणं, अंग आखडणं सुरू होतं. शिक्के मारणं मंदावतं. जुने शिक्के लगेच पुसले जात नाहीत. म्हणून सुधारलेला रुग्ण ‘ते खोटं होतं’ असं क्वचितच म्हणतो. तो म्हणतो, ‘आहेत ते अजून, पण आता त्यांच्याकडे माझं लक्ष जात नाही.’ घरच्यांना हे वाक्य निराश करतं. करू नये.

सगळा भार डोपामाइनवर टाकणंही बरोबर नाही. ग्लुटामेट या दुसऱ्या निरोप्याची एनएमडीए ही जागा अडवणारं केटामिन हे भुलीचं औषध निरोगी माणसातही तात्पुरती अशी लक्षणं आणतं. २०२४ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं एक औषध तर डी-२ ला हातच लावत नाही, ते अ‍ॅसिटिलकोलिन या वेगळ्याच निरोप्याच्या मस्करिनिक जागांवर काम करतं. आणि उत्साह आटणं, माणसांतून उठणं या लक्षणांवर जुन्या औषधांचा उपयोग तोकडाच राहिला.

मग शहाणा कोण ठरवणार?

क्लटरबक, बर्कबेक आणि हॅस्लम यांच्यापैकी कोणालाही मेंदू आतून पाहता येत नव्हता. आज येतो. तरी तो खटला आज उभा राहिला तर स्कॅनने तो निकालात निघणार नाही. वर सांगितलेले सगळे फरक गटागटांतले आहेत. शंभर रुग्णांची सरासरी शंभर निरोगी माणसांच्या सरासरीपेक्षा वेगळी दिसते, पण एकेकट्या माणसांचे आकडे एकमेकांत मिसळलेले असतात. स्कॅन आणि रक्त तपासतात ते मुख्यतः गाठ, संसर्ग, मेंदूदाह असं दुसरं कारण नाही ना, हे पाहायला. निदान अजूनही समोर बसून, ऐकून, वेळ देऊनच होतं. त्यामुळे त्या दोन डॉक्टरांना मी हॅस्लमइतका हसणार नाही. मॅथ्यूज कोणापुढे काय बोलावं हे जाणणारा माणूस होता.

तो बरोबर होता की नाही यापेक्षा त्याला आत ठेवण्याचं कारण काय होतं, हे पाहिलं पाहिजे. आपल्या २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या सुरुवातीलाच लिहिलं आहे, की एखाद्याला मानसिक आजार आहे हे त्याच्या राजकीय, आर्थिक वा सामाजिक स्थानावरून ठरवता येणार नाही. मॅथ्यूज आजारी होता असं मला वाटतं. सरकारला तो अडचणीचा होता, हेही मला तितकंच खरं वाटतं. एकाने दुसरं खोटं ठरत नाही.

हॅस्लमचं पुस्तक निघालं त्याच सुमारास बेथलेमच्या नव्या इमारतीसाठी आराखड्यांची स्पर्धा जाहीर झाली. मॅथ्यूजने आतून, रुग्ण म्हणून बरीच वर्षं काढलेल्या माणसाच्या नजरेने नकाशे आणि टिपणं करून पाठवली. विश्वस्तांनी त्यांचे त्याला ३० पौंड दिले, सुटका मात्र दिली नाही. १८१४ मध्ये त्याला हॅकनीतल्या एका खासगी ठिकाणी हलवलं. तिथे तो हिशेब लिही, बागेत काम करी. जानेवारी १८१५ मध्ये तो वारला. त्याच वर्षी वेड्यांच्या इस्पितळांची चौकशी करायला संसदेची समिती बसली. बेथलेममधल्या वागणुकीविषयी मॅथ्यूजने लिहून ठेवलेलं तिच्यापुढे आलं आणि १८१६ मध्ये हॅस्लमची नोकरी गेली.